छायाचित्रातील सुस्पष्टता आणि भिंगातील प्रतिमा स्थिरीकरण : धाराशिव जिल्ह्यातील वास्तूंच्या नोंदीच्या संदर्भात एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

इतिहासलेखनात छायाचित्र हे दुय्यम सजावटीचे साधन नसून ते एक स्वतंत्र पुरावा आहे, ही भूमिका आता सर्वमान्य झाली आहे. शिलालेख, ताम्रपट, नाणी व बखरी यांची चिकित्सा करण्याची शिस्त मराठी इतिहास संशोधकांनी फार पूर्वीच घालून दिली. छायाचित्राच्या बाबतीत मात्र ती शिस्त तेवढ्या काटेकोरपणे पाळली जात नाही. छायाचित्रात काय दिसते याची चर्चा होते; ते स्पष्ट का दिसते किंवा अस्पष्ट का दिसते, याची चर्चा क्वचितच होते. वास्तविक छायाचित्रातील सुस्पष्टता ही ते ज्या काळात व ज्या साधनाने घेतले गेले त्याची खूण असते.

गेल्या तीन दशकांत भिंगातील प्रतिमा स्थिरीकरण या तंत्राने छायाचित्रणाच्या व्यवहारात मोठा बदल घडवून आणला. पूर्वी ज्या अंधुक प्रकाशात ट्रायपॉडशिवाय छायाचित्र घेणे अशक्यप्राय होते, तेथे आज हातात धरलेल्या कॅमेऱ्याने किंवा मोबाईलनेही स्पष्ट प्रतिमा मिळते. महाविद्यालयांतील इतिहास विभाग विद्यार्थ्यांकडून स्थानिक वास्तूंची नोंद करवून घेतात, तेव्हा याच साधनांचा वापर होतो. म्हणून हे तंत्र नेमके काय करते आणि काय करू शकत नाही, हे जाणून घेणे इतिहासाच्या अध्यापकासही आवश्यक ठरते. प्रस्तुत लेखात धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील धाराशिव लेणी, नळदुर्ग, तेर आणि तुळजापूर यांच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

उद्दिष्टे

1. छायाचित्रातील अस्पष्टतेच्या कारणांचे स्वरूप स्पष्ट करणे.
2. स्थिरतेच्या साधनांचा ट्रायपॉडपासून स्थिरीकरणयुक्त भिंगापर्यंतचा ऐतिहासिक क्रम मांडणे.
3. धाराशिव जिल्ह्यातील वास्तू व लोकजीवन यांच्या नोंदीसाठी या तंत्राची उपयुक्तता व मर्यादा तपासणे.

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब करण्यात आला आहे.

अस्पष्टतेची तीन कारणे

छायाचित्र अस्पष्ट येण्याची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारांत विभागता येतात. पहिले कारण फोकसचे. भिंगाने विषयावर अचूक फोकस साधला नसेल, किंवा विषयाची खोली फोकसच्या मर्यादेबाहेर जात असेल, तर प्रतिमा धूसर होते. दुसरे कारण कॅमेऱ्याच्या हालचालीचे. शटर उघडे असताना हात कापला, श्वासाने शरीर हलले, तर संपूर्ण प्रतिमा एका दिशेने फरफटल्यासारखी दिसते. तिसरे कारण विषयाच्या हालचालीचे. कॅमेरा स्थिर असूनही समोरची व्यक्ती चालत असेल, तर केवळ तेवढा भाग पुसट होतो आणि बाकीचे चित्र स्पष्ट राहते.

या तीन कारणांची लक्षणे वेगवेगळी असून त्यांचे उपायही वेगवेगळे आहेत. भिंगातील प्रतिमा स्थिरीकरण हा केवळ दुसऱ्या कारणावरील उपाय आहे. ही मर्यादा लक्षात न घेतल्यामुळेच या तंत्राविषयी अनेक गैरसमज निर्माण झाले आहेत.

हाताचे कंपन किती हानी करते, हे एका साध्या गणिताने स्पष्ट होते. 200 मिलिमीटर नाभीय अंतराचे भिंग शटर उघडे असताना अवघ्या 0.01 अंशाने वळले, तरी संवेदकावरील प्रतिमा सुमारे 0.035 मिलिमीटर सरकते. 35 मिलिमीटर फिल्मच्या आकाराच्या, 24 मेगापिक्सेलच्या संवेदकावरील एका पिक्सेलची रुंदी सुमारे 0.006 मिलिमीटर असते. म्हणजे डोळ्यांना न जाणवणारे हे कंपन जवळपास सहा पिक्सेल व्यापते. तेच कंपन 50 मिलिमीटरच्या भिंगात दीड पिक्सेलएवढेच भरते. भिंग जितके लांब पल्ल्याचे, तितकी हालचाल अधिक दिसते, हे यावरून ध्यानात येते. फिल्मच्या काळात छायाचित्रकार जो व्यावहारिक नियम पाळत, त्याचा आधार हाच होता : हातात कॅमेरा धरून 200 मिलिमीटरच्या भिंगाने छायाचित्र घ्यायचे तर शटरगती सेकंदाच्या 1/200 पेक्षा संथ नसावी.

ट्रायपॉडचे युग : दगड स्थिर, माणूस अदृश्य

1839 मध्ये छायाचित्रणाचा शोध जगापुढे आला आणि पुढील दीड दशकात तो पश्चिम भारतात रुजला. 1854 मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या संस्थेच्या कार्यात सहभागी असलेले आरंभीचे भारतीय छायाचित्रकार होत. 1855 मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचे वर्गही सुरू झाले. त्याच वर्षी मुंबई सरकारने कॅप्टन थॉमस बिग्ज यांच्याकडे विजापूर व कर्नाटकातील वास्तूंच्या छायाचित्रणाचे काम सोपविले. बिग्ज कागदी निगेटिव्हचा वापर करीत आणि त्या पद्धतीत एका छायाचित्रासाठी दीर्घकाळ प्रकाश द्यावा लागे. कॅमेरा तिपाईवर घट्ट बसविणे ही तेव्हा निवड नव्हती. तो त्या तंत्राचा पहिला नियमच होता.

या कामाचा धाराशिव परिसराशी एक लक्षणीय संबंध आहे. 1853 च्या तहानुसार निझामाने जे प्रदेश इंग्रजांकडे सोपविले, त्यांत नळदुर्गचा मुलूख होता. 1853 ते 1857 या काळात त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर यांनी पाहिला. पुढे 1866 मध्ये विजापूरच्या वास्तुकलेवरील जो भव्य छायाचित्रग्रंथ लंडनहून प्रसिद्ध झाला, त्यात बिग्ज यांची छायाचित्रे होती आणि त्यातील ऐतिहासिक निवेदन टेलर यांनी लिहिले होते. ज्या आदिलशाहीने नळदुर्गच्या बोरी नदीवर बंधारा व त्याच्या पोटात पाणीमहाल उभारला, तिच्याच राजधानीचा हा ग्रंथ होता. परंड्याच्या किल्ल्यावरून 1632 मध्ये विजापुरास नेण्यात आलेली मलिक-ए-मैदान ही तोफही त्याच राजधानीत विसावली होती.

1851 मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ओल्या कोलोडियनची काचपद्धती मांडली. या पद्धतीने प्रकाश देण्याचा काळ काही सेकंदांवर आला आणि काचेमुळे तपशील अधिक रेखीव उमटू लागला. मात्र काच ओली असतानाच तिच्यावर प्रकाश द्यावा लागे व लगेच धुवावी लागे. म्हणून छायाचित्रकाराला अंधारा तंबू बरोबर न्यावा लागे. दख्खनच्या उन्हात काच लवकर सुके, ही आणखी एक अडचण. अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमलेले मेजर रॉबर्ट गिल यांनी पुढे कॅमेरा हाती घेतला. त्यांची लेण्यांची छायाचित्रे जेम्स फर्ग्युसन यांच्या लेखनासह 1864 मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली.

धाराशिवची लेणी अभ्यासकांच्या व्यापक चर्चेत आली ती जेम्स बर्जेस यांच्या पाहणीमुळे. पश्चिम भारताच्या पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या 1875-76 च्या हंगामातील कामाचा त्यांचा अहवाल 1878 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे 1880 मध्ये फर्ग्युसन व बर्जेस यांनी मिळून लिहिलेल्या भारतीय लेण्यांवरील ग्रंथातही या लेण्यांना स्थान मिळाले. तेरच्या बाबतीत 1901 मध्ये जे. एफ. फ्लीट यांनी हे गाव म्हणजेच प्राचीन तगर होय असे प्रतिपादन केले. त्यानंतर हेन्री कझिन्स यांनी तेथील अवशेषांची नोंद केली. तेथील त्रिविक्रम मंदिर हे मूळचे विटांचे चापाकार चैत्यगृह असल्याचे महत्त्व याच अभ्यासातून पुढे आले.

एकोणिसाव्या शतकातील अशा वास्तुछायाचित्रांकडे पाहताना एक गोष्ट वारंवार जाणवते. दगडाचा प्रत्येक टवका स्पष्ट असतो, पण माणसे जवळजवळ नसतात. असतात ती प्रमाण दाखविण्यासाठी खांबाशेजारी निश्चल उभी केलेली. यावरून ती स्थळे ओसाड होती असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे. काही सेकंदांच्या प्रकाशकाळात जो चालत गेला, त्याची प्रतिमा काचेवर उमटलीच नाही. ट्रायपॉडने कॅमेरा स्थिर केला. माणसाला स्थिर करणे त्याच्या आवाक्यात नव्हते. म्हणून त्या चित्रांतील निर्मनुष्यता हे स्थळाचे वास्तव नसून अनेकदा साधनाची मर्यादा असते.

1871 मध्ये रिचर्ड मॅडॉक्स यांनी जिलेटीनच्या कोरड्या काचेची पद्धती सुचविली आणि 1880 च्या दशकात ती सर्वत्र रूढ झाली. तेव्हापासून प्रकाशकाळ सेकंदाच्या अंशावर आला. सहावे निझाम मीर महबूब अली खान यांच्या आश्रयाने काम करणारे राजा दीनदयाळ (1844-1905) यांना लष्करी कवायती व शिकारीचे प्रसंग टिपता आले, त्यामागे हाच बदल होता. 1888 चा कोडॅक आणि 1925 चा लायका यांनी कॅमेरा तिपाईवरून हातात आणला. स्वातंत्र्य मिळाले ते कॅमेऱ्याला. त्याबरोबर हाताच्या कंपनाचा प्रश्नही जन्मास आला.

1993 : स्थिरीकरणापूर्वीचा शेवटचा टप्पा

30 सप्टेंबर 1993 रोजी पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या भूकंपाने लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांतील गावे उद्ध्वस्त केली. किल्लारीबरोबरच सास्तूर परिसरातही हजारो माणसे दगडमातीच्या घरांखाली गाडली गेली. त्यानंतर अनेक गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. जुन्या गावांची मोडलेली रचना, माळवदाची घरे, गल्ल्या व वेशी यांच्या ज्या दृश्य नोंदी उरल्या, त्यांत त्या दिवसांतील छायाचित्रांचे स्थान मोठे आहे.

ही छायाचित्रे फिल्मच्या कॅमेऱ्यावर घेतली गेली. पावसाळी ढगाळ प्रकाश, ढिगाऱ्यांवर पाय रोवण्याची अडचण आणि भोवती सतत चाललेले मदतकार्य, अशा परिस्थितीत ट्रायपॉडला वाव नव्हता. अधिक संवेदनशील फिल्म वापरावी तर कण मोठे दिसत. संथ शटर वापरावे तर हात हले. छायाचित्रकारापुढे हे दोनच पर्याय होते. हौशी ग्राहकांसाठीचा स्थिरीकरणयुक्त पहिला कॅमेरा निकॉनने 1994 मध्ये आणला, तर एसएलआर कॅमेऱ्यासाठी असे पहिले अदलाबदलीचे भिंग कॅननने 1995 मध्ये बाजारात आणले. ते 75-300 मिलिमीटरचे होते. म्हणजे भूकंपाची नोंद या तंत्राच्या उंबरठ्यावर झाली. त्या चित्रांतील कण व कंप हे दोष म्हणून बाजूला न सारता, ती कोणत्या स्थितीत घेतली गेली याची साक्ष म्हणून ते जतन केले पाहिजेत. जुनी निगेटिव्ह संगणकावर उतरवून घेताना त्यांना कृत्रिमरीत्या रेखीव करण्याचा मोह टाळणे यासाठीच इष्ट होय.

तंत्राचे कार्य

स्थिरीकरणयुक्त भिंगात सूक्ष्म कोनवेग-संवेदक बसविलेले असतात. कॅमेरा वर-खाली किंवा डावी-उजवीकडे किती वेगाने वळत आहे, हे ते सेकंदाला अनेक वेळा मोजतात. ही माहिती सूक्ष्मप्रक्रियकाकडे जाते. तो विद्युतचुंबकीय यंत्रणेद्वारे भिंगांच्या एका गटाला प्रकाश-अक्षाशी काटकोनात सरकवितो. परिणामी हात हलला तरी प्रतिमा संवेदकावर त्याच जागी राहते. दुसऱ्या पद्धतीत भिंगाऐवजी संवेदकच सरकविला जातो. मिनोल्टाने 2003 मध्ये डिजिटल कॅमेऱ्यात ही पद्धती आणली. पुढे 2012 मध्ये ऑलिंपसने पाच अक्षांवरील स्थिरीकरण दिले. त्याच वर्षी नोकियाच्या लुमिया 920 या मोबाईलमध्ये भिंगाचे स्थिरीकरण आले.

या तंत्राची क्षमता स्टॉप या एककात सांगितली जाते. एक स्टॉप म्हणजे शटर दुप्पट वेळ उघडे ठेवण्याची मुभा. 200 मिलिमीटरच्या भिंगास 1/200 सेकंद ही मर्यादा मानली, तर चार स्टॉपच्या स्थिरीकरणाने ती सुमारे 1/12 सेकंदापर्यंत येते. 1995 च्या भिंगाची क्षमता सुमारे दोन स्टॉप होती. 2020 मध्ये कॅननने भिंग व संवेदक यांच्या एकत्रित कार्याने आठ स्टॉपपर्यंतचा दावा केला. मात्र ही आकडेवारी प्रयोगशाळेतील कंपनयंत्रावर मोजलेली असते. जिना चढून आलेल्या, धापा टाकणाऱ्या माणसाच्या हातात ती तशीच लागू होईल असे गृहीत धरू नये.

येथे एक सूक्ष्म मुद्दा लक्षात घ्यावा लागतो. स्थिरीकरण भिंगाची मूळ सुस्पष्टता वाढवीत नाही. ते हाताने होणारी घट रोखते. पुरेशा उन्हात 1/1000 सेकंदास घेतलेल्या चित्रात त्यामुळे लक्षणीय फरक पडत नाही. अंधुक जागी मात्र त्याचा अप्रत्यक्ष लाभही मोठा असतो. शटर संथ ठेवता येते, म्हणून संवेदनशीलता कमी राखता येते व चित्रातील कण घटतात. तसेच छिद्र लहान ठेवता येते, म्हणून जवळच्या खांबापासून मागच्या भिंतीपर्यंतचा भाग फोकसमध्ये राहतो.

धाराशिव जिल्ह्यातील उपयोजन

धाराशिव लेण्यांतील मोठ्या मंडपात दाराशी लख्ख प्रकाश आणि गर्भगृहाशी काळोख असतो. विषय मात्र निश्चल असतो. अनेक संरक्षित स्मारकांत ट्रायपॉड लावण्यास पूर्वपरवानगी लागते, तर अजिंठ्यासारख्या चित्रलेण्यांत फ्लॅशला मनाई आहे. निश्चल विषय आणि अपुरा प्रकाश ही स्थिरीकरणाला सर्वाधिक अनुकूल स्थिती होय. तेर येथील रामलिंगप्पा लामतुरे वस्तुसंग्रहालयातील मृण्मूर्ती व नाणी यांसारख्या काचेआडच्या वस्तूंनाही हेच लागू पडते. मात्र अगदी जवळून छायाचित्र घेताना कॅमेऱ्याच्या वळण्याइतकेच त्याचे आडवे-उभे सरकणेही प्रतिमा बिघडविते. केवळ कोनीय हालचाल मोजणारे भिंग तेथे अपुरे पडते. ही सरकण्याची हालचालही भरून काढणारे जवळच्या छायाचित्रणाचे भिंग कॅननने 2009 मध्ये आणले. नाण्यावरील किंवा शिलालेखातील अक्षरे वाचायची असतील, तर शक्य तेथे आजही ट्रायपॉडच अधिक विश्वासार्ह ठरतो. कॅमेरा ट्रायपॉडवर असताना जुन्या भिंगांतील स्थिरीकरण बंद ठेवावे; अन्यथा यंत्रणेचेच सूक्ष्म कंपन चित्रात उतरते.

नळदुर्गचे उदाहरण याहून बोधप्रद आहे. पावसाळ्यात बोरी नदी भरली की बंधाऱ्यावरून नर-मादी या नावाने ओळखले जाणारे धबधबे कोसळतात. स्थिरीकरणयुक्त भिंगाने अर्ध्या सेकंदाचे छायाचित्र हातातून घेतले, तर पाणीमहालाची चिरेबंदी स्पष्ट येते आणि पाणी मात्र रेशमी पडद्यासारखे दिसते. चित्र देखणे होते. पण पाणी कोणत्या सांडव्यातून किती जोराने पडते, हे त्यातून कळत नाही. तेच दृश्य 1/1000 सेकंदास घेतले तर प्रत्येक धार वेगळी दिसते. एकाच स्थळाची ही दोन्ही छायाचित्रे खरी आहेत, पण ती दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

तुळजापूरचा छबिना हे तिसरे उदाहरण. रात्रीची वेळ, पोतांचा उजेड, संबळाच्या तालावर चाललेले गोंधळी आणि पुढे सरकणारी मिरवणूक. ताशी साडेतीन किलोमीटरच्या सावकाश चालीनेही माणूस सेकंदाला सुमारे एक मीटर पुढे जातो. 1/12 सेकंदात तो आठ सेंटिमीटर सरकतो. स्थिरीकरणामुळे मागची दीपमाळ स्पष्ट येईल, गोंधळ्याचा चेहरा मात्र पुसला जाईल. येथे वेगवान शटर, मोठ्या छिद्राचे भिंग किंवा अधिक संवेदनशीलता हेच उपाय आहेत. एकोणिसाव्या शतकातील ट्रायपॉडने जे केले, तेच नवे तंत्र बेसावध हातात पुन्हा करू शकते : वास्तू टिकते आणि माणूस नाहीसा होतो.

मोबाईलमधील रात्रीच्या छायाचित्रणाने आणखी एक प्रश्न उभा केला आहे. त्यात एकामागून एक घेतलेल्या अनेक प्रतिमा संगणकीय रीतीने जुळवून एकच चित्र तयार केले जाते. अशा चित्रात दिसणारा क्षण हा एक क्षण नसतो. झिजलेल्या अक्षराची कड ही दगडावरची आहे की प्रणालीने अधिक ठळक केलेली आहे, हे ओळखणे त्यामुळे कठीण होते.

निष्कर्ष

1. प्रतिमा स्थिरीकरण कॅमेऱ्याच्या कंपनाने होणारी अस्पष्टता कमी करते. फोकसची चूक व विषयाची हालचाल यांवर ते उपाय नाही.

2. जुन्या छायाचित्रांतील निर्मनुष्यता, पुसट आकृती व कण यांचा अर्थ लावताना त्या काळातील साधनांचा विचार अनिवार्य आहे.

3. लेणी, मंदिरे व वस्तुसंग्रहालये यांसारख्या निश्चल विषयांसाठी हे तंत्र अत्यंत उपयुक्त आहे. यात्रा, मिरवणूक व लोककला यांच्या नोंदीसाठी शटरगतीलाच प्राधान्य दिले पाहिजे.

4. स्थानिक इतिहासाच्या प्रकल्पात प्रत्येक छायाचित्रासोबत दिनांक, स्थळ, साधन, शटरगती, भिंगाचे नाभीय अंतर आणि स्थिरीकरण चालू होते की बंद, याची नोंद ठेवावी. डिजिटल छायाचित्राच्या मूळ धारिकेत यांपैकी बरीचशी माहिती आपोआप साठविलेली असते. म्हणून संपादित प्रतीबरोबर मूळ धारिकाही जतन करावी. शिलालेखांची किमान एक नोंद ट्रायपॉडवरून व तिरप्या प्रकाशात घ्यावी.

सास्तूर परिसरातील जुनी गावे परत उभी राहणार नाहीत. बोरीच्या पाण्याखाली झिजणारे चिरे आणि धाराशिवच्या लेण्यांतील ठिसूळ होत जाणारे खांबही कायमचे नाहीत. उद्याच्या संशोधकापुढे त्यांची छायाचित्रेच असतील आणि ती कशी घेतली गेली हे सांगणारी नोंद नसेल, तर त्यांच्या सुस्पष्टतेवर तो कितपत विश्वास ठेवू शकेल, हा प्रश्न आजच्या अध्यापकापुढील आहे. साधनाने हात स्थिर केला आहे. पुराव्याची विश्वसनीयता राखण्याची जबाबदारी मात्र अभ्यासकाचीच राहते.